मुद्दाम केलं का?

एका मुलाला जेवायला हाक मारतात. तो खोलीचं दार ढकलतो. दारामागे खुर्ची, खुर्चीवर ट्रे आणि ट्रेमध्ये १५ कप आहेत हे त्याला माहीत असण्याचं काही कारण नाही. सगळे कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नाही असं पाहून कपाटातला जाम काढायला खुर्चीवर चढतो. हात पुरत नाही, धडपडीत एक कप पडून फुटतो. यांतला जास्त वाईट कोण? ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना हा प्रश्न विचारला आणि त्यांची उत्तरं १९३२ साली प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांची बरीचशी मुलं पहिल्याकडे बोट दाखवत, कारण त्याने पंधरा फोडले. नऊ-दहा वर्षांची मुलं दुसऱ्याकडे वळत, कारण पहिल्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

यावरून एक सुटसुटीत समज रूढ झाला. लहान मूल नुकसान मोजतं, मोठा माणूस हेतू मोजतो, आणि सातव्या-आठव्या वर्षी कधीतरी हा सांधा बदलतो. हा समज अर्धाच खरा आहे. हेतूची जाण मुलाला दुधाचे दात पुरते येण्याआधीच असते. आणि मोठेपणी हेतूचा कायमचा विजय होतो असंही नाही. वाईट कोण, कृत्य किती वाईट, शिक्षा किती, माफी कधी, या प्रत्येक ठिकाणी त्याला परिणामाशी वेगळं भांडावं लागतं. काही ठिकाणी तो जिंकतो, काही ठिकाणी आयुष्यभर हरत राहतो.

आधी पियाजेच्या गोष्टीतली खोट पाहू. जाम काढणाऱ्या मुलालाही कप फोडायचा नव्हताच. त्याचा गुन्हा चोरून खाण्याचा, कप दोघांच्याही हातून चुकूनच फुटले. शिवाय मुलाला दोन गोष्टी डोक्यात धरून त्यांची तुलना करायची होती. त्यात पंधरा आणि एक हे आकडे ठळक होते आणि मनातला इरादा मात्र गोष्टीच्या ओघात दडलेला. पुढच्या संशोधकांनी एका वेळी एकच गोष्ट सांगितली, नुकसान सारखं ठेवलं आणि इरादा स्पष्ट शब्दांत मांडला. तेव्हा पाच वर्षांची मुलंही हेतूचा हिशेब करताना दिसली. घरातही हेच होतं. फुटलेली वस्तू समोर पडलेली असते, मनात काय होतं ते कुणाला दिसत नाही. दिसणाऱ्या गोष्टीला वजन जास्त मिळणारच.

बोलता न येणाऱ्या बाळांवरचा एक प्रयोग मला फार नेटका वाटतो. मोठा माणूस टेबलापलीकडून बाळाला एकामागून एक खेळणी देतो. मध्येच एक खेळणं देत नाही. कधी ते दाखवून मुद्दाम मागे घेतो. कधी द्यायला जातो, पण ते त्याच्या हातून निसटतं. बाळाच्या दृष्टीने निकाल एकच, खेळणं मिळालं नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नऊ महिने आणि त्यापुढची बाळं पहिल्या वेळी जास्त चुळबुळली, हात पुढे करू लागली, नजर फिरवू लागली. माणूस धडपडत असेल तेव्हा ती जास्त वेळ थांबली. सहा महिन्यांच्या बाळांत हा फरक दिसला नाही. ‘देत नाही’ आणि ‘देता येत नाही’ यांतला भेद पहिल्या वाढदिवसाच्या आत कळू लागतो तो असा. तीन वर्षांपर्यंत मुलं आणखी पुढे जातात. कुणी दुसऱ्याचं चित्र फाडायचा प्रयत्न केला आणि ते फाटलं नाही, तरीही नंतर त्या माणसाला मदत करायला ती नाखूश असतात.

बाळांना चांगलं-वाईटही कळतं असे दावे मात्र जपून वाचावेत. २००७ साली एका गाजलेल्या प्रयोगात सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांनी चढण चढणाऱ्याला मदत करणारी बाहुली उचलली आणि अडवणारी टाळली. ‘नीती जन्मजात असते’ असे मथळे त्यावरून झाले. पुढे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन तोच प्रयोग मोठ्या संख्येवर केला. २०२४ साली आलेल्या त्याच्या निकालात मदत करणारी बाहुली निवडणारी बाळं निम्म्याच्याच आसपास निघाली, म्हणजे नाणं उडवल्यासारखी.

मग हेतू एवढा लवकर कळतो, तर चार वर्षांचं मूल ‘त्याने मुद्दाम केलं!’ म्हणून रडून घर डोक्यावर का घेतं? दुसऱ्याला काय हवं आहे हे कळणं आणि दुसऱ्याला काय *माहीत नाही* हे कळणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम अवघड असतं. समोरच्याची समजूत चुकीची असू शकते हे बहुतेक मुलांना चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास उमगतं. अमेरिकेत २०११ साली झालेल्या एका अभ्यासात मुलांना अशी गोष्ट सांगितली: एका मुलाने खाऊ कागदी पिशवीत ठेवला आणि तो बाहेर गेला, वर्ग आवरणाऱ्या दुसऱ्याने ती पिशवी कचरा समजून फेकून दिली. आवरणाऱ्याला आत खाऊ आहे हे माहीत नव्हतं, ही गोष्ट ज्या मुलांच्या ध्यानात येत नव्हती, ती त्याच्या मनात वाईट इरादा आहे असं मानत होती. म्हणजे मुलाची न्यायबुद्धी कच्ची नसते, त्याच्याकडचा पुरावा अपुरा असतो.

मोठ्यांची चूक होते ती इथेच. खोलीत शिरताच ‘हे काय केलंस?’ असं विचारलं की चर्चा नुकसानापासून सुरू होते आणि तिथेच अडकते. ‘का केलंस?’ हाही या वयात फारसा कामाचा प्रश्न नाही. मुलाला तो आरोपासारखा ऐकू येतो आणि ते कारणाऐवजी बचाव शोधू लागतं. प्रश्नांचा क्रम बदलून पाहावा. आधी ‘त्याला काय माहीत होतं?’, मग ‘त्याला काय करायचं होतं?’, मग ‘काळजी घेता आली असती का?’ आणि नुकसान सगळ्यात शेवटी. तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात. मुद्दाम आणि चुकून यांच्या मध्ये हयगयीचा मोठा पट्टा असतो, आणि मुलं एखाद्या अपघाताला कठोर ठरवतात तेव्हा ती पुष्कळदा हेतू विसरलेली नसतात. ‘बघून चालायला नको?’ असं त्यांचं म्हणणं असतं. कधीकधी ते रास्तही असतं.

हेतूने माफी मिळते हे कळलं की मूल त्याचा वापरही शिकतं. ‘मी मुद्दाम नाही केलं’ हा कदाचित माणसाच्या आयुष्यातला पहिला वकिली युक्तिवाद असावा. त्यात खोटेपणा आहे म्हणून दचकू नये. समोरच्याच्या मनात खोटी समजूत पेरता येणं हे त्याचं मन वाचता येण्याचंच दुसरं अंग आहे. खोटं पक्कं कधी होतं हे मात्र घरावर आणि शाळेवर अवलंबून असतं. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २०११ साली आला. एका शाळेत चुकीला मार होता, दुसरीत नव्हता. प्रयोग साधा होता. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, ‘वळून पाहू नकोस’ असं सांगून बाहेर जायचं, परत येऊन ‘पाहिलंस का?’ असं विचारायचं. दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी पाहिलं. पण मार असलेल्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली, आणि पुढच्या प्रश्नांत पकडली जाणार नाहीत अशा सफाईने बोलली. परिणामाला जबर किंमत लावली की मूल परिणाम लपवायला शिकतं.

आता शिक्षेकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. २०१३ साली फायरी कुशमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांना दोन प्रकारच्या गोष्टी सांगितल्या. एकीत इजा करायची होती पण झाली नाही, दुसरीत करायची नव्हती पण झाली. मग दोन वेगळे प्रश्न विचारले: हा मुलगा वाईट आहे का? याला शिक्षा व्हावी का? वयाबरोबर दोन्ही उत्तरं हेतूकडे सरकली, पण एकाच वेळी नाही. ‘वाईट आहे का’ हे उत्तर आधी बदललं आणि ‘शिक्षा व्हावी का’ हे त्याच्या मागून खेचलं गेलं. मधल्या काळात मूल म्हणू शकतं की तो वाईट नाही, पण शिक्षा हवी. तर्काला हे विसंगत वाटतं, पण मोठी माणसं आयुष्यभर असंच वागतात. दोन चालक सारखंच पिऊन गाडी चालवतात. एक घरी पोचतो, दुसऱ्याच्या वाटेत माणूस येतो. दोघांचा हेतू आणि हयगय यांत तसूभर फरक नाही, तरी पहिल्याला दंड आणि दुसऱ्याला तुरुंग. फसलेल्या खुनाच्या प्रयत्नाला खुनापेक्षा कमी शिक्षा देणारे कायदे जगभर आहेत. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली याला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं, आणि हा पेच अजून कुणाला नीट सोडवता आलेला नाही.

शिक्षा परिणामाला एवढी का चिकटून राहते? मला पटणारं उत्तर असं. हेतू लपवता येतो, परिणाम लपवणं अवघड. शिक्षेचं एक काम पुढच्या वेळी जपून वागायला लावणं हे आहे, आणि ते करायला परिणाम हा जास्त भरवशाचा धागा आहे. म्हणून घरात दोन गोष्टींची सरमिसळ करू नये. दोष हेतू आणि हयगय पाहून ठरवावा, भरपाई नुकसान पाहून. चुकून पाणी सांडलं तरी फडकं आणून पुसायचंच. त्यात रागावण्यासारखं काही नसतं. सहा-सात वर्षांच्या मुलांवरच्या एका प्रयोगात मुलाने रचलेला प्लास्टिकच्या कपांचा मनोरा दुसऱ्याने पाडला. नुसतं ‘सॉरी’ ऐकून मुलाला बरं वाटलं नाही, पुन्हा रचायला हात लावला तेव्हा वाटलं. माफी वदवून घेऊन प्रकरण मिटवण्याची मोठ्यांची घाई म्हणूनच फुकट जाते.

शाळेच्या मैदानावर पेच वाढतो, कारण तिथे बहुतेक प्रसंग धूसर असतात. रांगेत कोपर लागलं, डबा सांडला, चेंडू पाठीत बसला. मुद्दाम की चुकून? केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली मारकुट्या आणि शांत मुलग्यांना अशाच प्रसंगात ठेवलं. त्यांचं जुळवत आणलेलं कोडं कुणीतरी मोडलं असं त्यांना सांगण्यात आलं. मोडणाऱ्याचा इरादा उघड असेल तेव्हा दोन्ही गट सारखेच वागले. इरादा धूसर असेल तेव्हा मारकुटी मुलं तो वाईट धरून वागली. पुढे नऊ देशांतल्या मुलांचा मागोवा घेतला तेव्हाही हाच दुवा दिसला. मुद्दाम केलं असं मानणारं मूल हात उगारण्याची शक्यता जास्त. या मुलांना ‘मारू नये’ हे माहीत नसतं असं नाही. ‘तो मुद्दाम मारतोय, म्हणून मी मारतोय’ अशी त्यांची न्यायाची मांडणी असते. तिच्यावर नीतिपाठ ओतून उपयोग होत नाही, कारण बिघाड पुराव्यात आहे.

हा बिघाड काही प्रमाणात दुरुस्त करता येतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात त्यासाठी १२ पाठांचा एक अभ्यासक्रम करून पाहिला गेला आणि त्यानंतर मुलांचं इतरांवर वाईट हेतू लादणं कमी झालं. त्यातले टप्पे घरीही वापरता येतात. पहिल्यांदा खुणा वाचायला शिकवायचं: समोरच्याचा चेहरा कसा होता, तो थांबला का, काय म्हणाला? मग एकाच घटनेची तीन-चार कारणं काढायला लावायची, त्यांत किमान दोन निरुपद्रवी हवीत. मग एक ठरलेला नियम: नक्की कळत नसेल तर चुकून झालं असं धरून चालायचं. शेवटी त्यानुसार काय करायचं याचा प्रत्यक्ष सराव. हा सराव शांत वेळी, दुसऱ्याच्या गोष्टीवर करायचा. भांडण तापलेलं असताना ‘त्याच्या बाजूने विचार कर’ म्हटलं तर मुलाला ते फितुरीसारखं वाटतं.

इथे कुणाला तरी लॉरेन्स कोहलबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या नैतिक विकासाच्या पायऱ्या आठवतील. १९५८ साली त्याने शिकागो परिसरातल्या १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलग्यांना पेच घातले. बायको मरणपंथाला लागली आहे, औषधवाला दहापट किंमत सांगतो, नवऱ्याने चोरी करावी का? ‘हो’ की ‘नाही’ याला त्याने गुण दिले नाहीत, कारणांना दिले, आणि त्यांतून सहा पायऱ्या मांडल्या. यातल्या अनेकांना तो आणि त्याचे सहकारी वीस वर्षं पुन्हा पुन्हा भेटत राहिले. ते काम मोठं आहे. पण सहाव्या पायरीवर पुरेशी माणसंच सापडेनात, म्हणून ती गुणांकनातून काढावी लागली. आणि सगळे मुलगेच घेतल्याबद्दल कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली त्याला बरोबर धारेवर धरलं. माझी तक्रार वेगळी आहे. निवांत बसून माणूस कसा युक्तिवाद करतो हे त्याने मोजलं. रोजचे निवाडे त्याच्या कितीतरी आधी, डोळ्याच्या पापणीसरशी लागून गेलेले असतात.

त्या वेगात प्रौढ माणूसही किती घसरतो, याचा जोशुआ नोब या तत्त्वज्ञांचा २००३ सालचा नमुना पाहा. कंपनीच्या अध्यक्षाला सांगतात की या योजनेने नफा होईल आणि पर्यावरणाचं नुकसानही. तो म्हणतो, पर्यावरणाचं मला काही देणंघेणं नाही, मला नफा हवा. नुकसान होतं. त्याने ते मुद्दाम केलं का? ८२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. मग गोष्टीत एकच शब्द बदलला, नुकसानाच्या जागी फायदा. अध्यक्षाचं वाक्य तेच, बेफिकिरी तीच. आता ‘मुद्दाम केलं’ म्हणणारे २३ टक्के. आपण आधी हेतू पाहतो आणि मग निवाडा करतो ही आपली स्वतःबद्दलची समजूत. प्रत्यक्षात वाईट परिणाम आधी डोळ्यात भरतो आणि तोच मागे जाऊन हेतूला रंग देतो. पियाजेच्या सहा वर्षांच्या मुलांना हसण्याआधी हे आकडे समोर ठेवावेत.

व्यवहारात याची किंमत मोजावी लागते. डॉक्टरने तोच निर्णय त्याच माहितीवर घेतला, पण रुग्ण वाचला तर लोक त्याला योग्य म्हणतात आणि दगावला तर चुकीचा. ज्यांना इतरांच्या चुकांची चौकशी करावी लागते, त्यांना शेवट न सांगता फक्त निर्णयापर्यंतची कागदपत्रं आधी वाचायला द्यावीत, मत लिहून घ्यावं आणि मगच परिणाम उघड करावा. मत नंतर बदलायचं असेल तर बदलता येतं, पण आधीचं कागदावर राहतं. परिणाम आधी ऐकला की तो विसरून विचार करणं कुणालाच जमत नाही, अनुभवी लोकांनाही.

हेतूला किती वजन द्यायचं हे सगळ्या समाजांत सारखं नसतं, हेही नोंदवायला हवं. दहा समाजांत केलेली एक तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. लॉस एंजलिसमध्ये हेतूने निवाडा सगळ्यात जास्त बदलत होता, तर फिजीतल्या यासावा बेटावर फारच थोडा. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याबद्दल बोलणं तिथे अप्रशस्त मानतात. त्यांची वाढ खुंटली आहे असं त्यावरून म्हणणं उद्धटपणाचं होईल. मन वाचण्याचा दावा न करता झालेल्या गोष्टीवर बोलायचं, ही त्यांची रीत आहे.

आणि म्हातारपण. २०१८ साली इटलीतल्या संशोधकांनी ६३ ते ९० वर्षांच्या लोकांचे निवाडे तरुणांच्या निवाड्यांशी ताडून पाहिले. वृद्धांनी चुकून झालेल्या इजेला जास्त दोष दिला आणि फसलेल्या दुष्ट प्रयत्नाला तुलनेने कमी. काटा पुन्हा परिणामाकडे झुकला होता. याचा अर्थ दुसरं बालपण असा लावू नये. पुढच्या कामात दिसलं की वृद्ध लोक त्याच अपघातात जास्त निष्काळजीपणा पाहतात. आयुष्यभर अपघात पाहिलेल्या माणसाला ‘हे टाळता आलं असतं’ असं वाटणं समजण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या डोक्यातली माहिती आणि डोळ्यांसमोरचं नुकसान एका वेळी तोलायला जी मेहनत लागते, ती त्या वयात जड जाते हेही खरं. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एखादा अपघात सांगायचा असेल तर काय काय काळजी घेतली होती तिथून सुरुवात करावी आणि नुकसान नंतर सांगावं. सगळं एका दमात सांगितलं की शेवटचा आकडा तेवढा त्यांच्या लक्षात राहतो.

वयानुसार होणाऱ्या या बदलात आणि आजारात मात्र गल्लत करू नये. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाजवळच्या भागांना ग्रासणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, आणि सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत असते. योग्य काय, अयोग्य काय हे विचारलं तर असा रुग्ण बरोबर उत्तर देऊ शकतो, आणि तरी दुकानातून वस्तू उचलतो, परक्याला लागट बोलतो, जोडीदाराच्या रडण्याने हलत नाही. घरच्यांना हा माणूसच बदलला असं वाटतं, आणि तो हे मुद्दाम करतोय असं समजून ते त्याच्यावर राग धरून बसतात. मध्यम वयात, वर्षा-दोन वर्षांत असा पालट दिसला तर समुपदेशकाआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं, आणि जाताना तारखांसह प्रसंगांची यादी न्यावी: पूर्वी अशा वेळी तो काय करत असे आणि आता काय करतो. दवाखान्यातल्या पंधरा मिनिटांत असा रुग्ण सभ्य वागू शकतो आणि तोंडी चाचणीत पासही होऊ शकतो.